पश्चिमेस समुद्र

१९८१ च्या एप्रिलमध्ये, वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील भाजीपाल्याची एक वाडी विकली गेली. विकणाऱ्याचं वय साठीच्या पुढे होतं. विक्रीचं कारण त्याने रजिस्ट्री कचेरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: मॉरिशसमध्ये समुद्राच्या काठावर घर घेतलं आहे, बायकोला घेऊन तिकडे राहायला जायचं आहे. असं घर त्याने घेतलेलं नव्हतं. कचेरीत त्या दिवशी हजर असलेल्या एका माणसाला ते पक्कं माहीत होतं आणि तो शेवटपर्यंत गप्प बसला.

वाडी माझ्या घरमालकांची होती. नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्याचा वार्ताहर म्हणून मी १९७४ पासून त्यांच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी त्यांना काकाजी म्हणत असे, कारण सगळेच म्हणत. ते मला पेपरवाले म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको दोघेच वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक काढत आणि काकू डोक्यावर टोपलं घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसत.

काकाजींना जगातली कोणतीही जागा तिच्या चतुःसीमेशिवाय समजत नसे. खरेदीखतात जमिनीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तर-दक्षिणेला काय, ते लिहितात. काकाजी तसे बोलत. खोली भाड्याने देताना त्यांनी मला पंखा, मोरी, नळ यातलं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "पूर्वेले आमचं अंगन, पश्चिमेले विहीर, उत्तरेले चोर, दक्षिणेले सडक. राहाचं असन तं राहा."

उत्तरेचा चोर म्हणजे शेजारचा शेतकरी. दरवर्षी वखरणीच्या वेळी तो काकाजींचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, एक-दोन तासांनी कोरून आपल्यात घेत असे. तास म्हणजे नांगराची एक ओळ. काकाजींनी त्याच्यावर दावा लावला होता. माझ्या मुक्कामात तो दावा काकाजींच्या बाजूने लागला. पुढच्या हंगामात शेजाऱ्याने धुरा पुन्हा कोरला. काकाजी निकालाची प्रत घेऊन धुऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी ती शेजाऱ्याच्या बैलांना वाचून दाखवली, कारण शेजारी ऐकायला थांबला नव्हता.

जिल्ह्यात त्यांना एकच सीमा मान्य होती: पुलगावच्या दारूगोळा डेपोचं तारेचं कुंपण. महिन्या-दोन महिन्यांतून ते पॅसेंजरने पुलगावला जात, रस्त्याच्या कडेला उभे राहून कुंपण बघत आणि परत येत. एकदा पहाऱ्यावरच्या जवानाने हटकलं, "क्या देख रहे हो, बाबा?"

"धुरा देख राह्यलो," काकाजी म्हणाले. "कितने साल का है?"

जवानाने त्यांना नाक्यावर बसवून ठेवलं. संध्याकाळी मला जाऊन सोडवून आणावं लागलं. परतताना काकाजी म्हणाले, "पाहा, एक बी खांब वाकडा नाई. बंदूक हाय म्हनून. मानसाच्या इमानावर धुरा राह्यत नाई, पेपरवाले."

१९७६ च्या जानेवारीत मॉरिशसहून एक मराठी शिक्षक नागपूरला कुठल्याशा संमेलनासाठी आले होते. तिथून ते सेवाग्राम पाहायला आले. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेले. त्यांची मराठी आजोबांकडून आलेली, सावकाश आणि जुन्या वळणाची. मराठी शेतकऱ्याच्या घरी जेवायचं आहे, असं ते म्हणाले. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने त्यांना काकाजींकडे आणलं. हा माणूस एका सहकारी संस्थेचा अध्यक्ष होता. वर्ध्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, अध्यक्ष म्हटलं की पुरे होतं.

पंगतीला पाहुणे, अध्यक्ष, काकाजी आणि मी असे चौघे होतो. भरीत, भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. पाहुण्यांनी भरीत तीनदा मागून घेतलं. काकाजींनी विचारलं, "घर कसं हाय तुमचं?"

"दगडी आहे. लहान आहे. मागे आंब्याची झाडे आहेत."

"चतुःसीमा सांगा."

अध्यक्षांनी अर्थ समजावून दिला. पाहुणे बोटांवर मोजत म्हणाले, "पूर्वेला सडक. उत्तरेला भावाचा ऊस. दक्षिणेला देऊळ. पश्चिमेला समुद्र."

काकाजींचा हात ताटात थांबला. "समुद्राच्या अंगानं धुरा कोन कोरते?"

पाहुणे हसले. "तिकडून कोण कोरणार?"

पुढे पाहुण्यांनी सांगितलं की तिकडे बाराही महिने ऊन असतं आणि युरोपातले गोरे लोक त्या उन्हासाठी समुद्रकाठी घरं घेतात. यावर काकाजी खरोखर संतापले. "इथं उन्हानं वैशाखात बैल मरते, अन् थे लोक उन्हासाठी घर घेऊन राह्यले? मंग इकडे या म्हना. फुकट हाय." जरा वेळाने ते शांत झाले आणि म्हणाले, "पन तिकडे मले घर भेटन काय?"

"या ना," पाहुणे म्हणाले. "जरूर या."

काकाजी उठले. आतून एक अख्खी सुपारी आणि अडकित्ता घेऊन आले. सुपारी मधोमध फोडली, अर्धी पाहुण्यांच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः तोंडात टाकली. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "तुमी साक्षी."

अध्यक्ष म्हणाले, "पक्कं."

आमच्या भागात जमिनीचा सौदा असाच ठरतो. साक्षीदारासमोर सुपारी फोडून दोघांनी खाल्ली की तो पक्का झाला. कागद नंतर होतात. खाऊन फिरलेल्या माणसाच्या घरी लोक पाणी पीत नाहीत. अध्यक्ष याच भागात जन्मले आणि वाढले होते. पाहुण्यांनी जेवणानंतरची सुपारी समजून ती चावली, काकूंना हात जोडले आणि ते जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींना म्हटलं की पाहुण्यांना ही रीत ठाऊक नसणार.

"मराठी मानूस हाय ना थो?"

"हो."

"मंग?"

मी सांगितलं की इथल्या माणसाला परदेशात घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते.

"तिले इचारून मी वांगे लावतो काय? सुपारी तुमी खाल्ली? नाई ना? मंग बोलू नोका."

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "समुद्रावर काय लावान तुमी? मीठ?"

काकाजींनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. वाडीच्या एका कोपऱ्यात त्यांनी चार वाफे वेगळे केले आणि त्यांना मिठाच्या पाण्यावर वाढवू लागले. वांगी सुकली. सांबार उगवलाच नाही. मेथी पिवळी पडली. पालक मात्र जगला. त्यांनी तो मला, पोस्टमनला आणि अध्यक्षांच्या ड्रायव्हरला खाऊ घातला. मीठ आणायला पाठवलं की काकू किराणा दुकानदाराला सांगत, "जाडं दे बापा, समुद्र कराचा हाय घरी." वर्ध्यात ही गोष्ट पसरली. बाजारात लोक काकूंना विचारू लागले, "का काकू, कधी निंगता मॉरिशसले?" काकू अशांना जुडी एक कमी देत.

शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांनी काकाजींना एकदा भरतीची माहिती दिली: समुद्र रोज पुढे येतो. मास्तरांना वाटलं होतं, आता हे वेड उतरेल.  तिसऱ्या दिवशी काकाजी मास्तरांच्या घरी गेले. "थो रोज येते, पन रोज परत बी जाते ना?" मास्तर हो म्हणाले. "मंग ठीक हाय. आमचा शेजारी आला का थितंच बसते."

अशी पाच वर्षं गेली. रीतीप्रमाणे सुपारीनंतर विकणाऱ्याने 'खरेदीला या' असा निरोप पाठवायचा असतो. काकाजी त्या निरोपाची वाट पाहत होते. या काळात बोरगाव मेघेच्या शेतांत प्लॉट पडू लागले. दक्षिणेच्या सडकेपलीकडे घरं उभी राहिली. त्या घरांतले नोकरदार लोक काकाजींच्या शेणखताच्या वासाबद्दल तक्रार करत आणि आपलं सांडपाणी काकाजींच्या वाफ्यांत सोडत. दोन ले-आउटवाले, म्हणजे शेत घेऊन प्लॉट पाडून विकणारे, वाडी मागायला आले. काकाजींनी दोघांनाही फाटकाबाहेर काढलं.

१९८१ च्या जानेवारीत अध्यक्ष वाडीत आले. मी अंगणात दाढी करत होतो. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "काकाजी, निरोप आला."

"कोनाचा?"

"मॉरिशसचा. खरेदीले या म्हनते. पन एक हाय. तिकडे घर घेनाऱ्याच्या नावावर इकडे शेत चालत नाई. पह्यले वाडी मोकळी करा लागन."

मी अध्यक्षांना विचारलं की निरोप कोणामार्फत आला. "मुंबईहून," ते म्हणाले. मुंबईहून कोणाकडून, विचारलं. "पेपरात छापाचं हाय काय?" म्हणून ते हसले. शेत चालत नाही असा कोणताही कायदा नाही, हे मी काकाजींना त्याच दिवशी सांगितलं. वर्ध्यातल्या एका वकिलांकडे नेऊन त्यांच्या तोंडूनही सांगवलं. काकाजींनी वकिलांना एकच विचारलं: "अध्यक्ष सुपारीचा साक्षीदार हाय. साक्षीदार खोटं बोलन काय?" वकिलांनी पुढच्या अशिलाला आत बोलावलं.

ले-आउटसाठी वाडी घेणाऱ्या मंडळींत अध्यक्षांचा साळा होता. ही गोष्ट खरेदीखतावरच्या नावांवरून कोणालाही कळू शकत होती. रक्कम ठरल्याप्रमाणे मिळाली, त्यात खोट नव्हती.

मार्चमध्ये मोजणी झाली. मोजणीवाल्यांची साखळी विहिरीपर्यंत आली तेव्हा काकू विहिरीच्या काठावर मेथी निवडत बसल्या होत्या. साखळी त्यांच्या पायाखालून जायला हवी होती. मोजणीवाला म्हणाला, "बाई, उठा." त्या उठल्या नाहीत. अध्यक्षांचा साळा म्हणाला, "काकू, कामात आड येऊ नोका, समुद्र पाहाले भेटन तुमाले." काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ऊन चढलं. मोजणीवाले झाडाखाली जाऊन बसले. शेवटी काकाजी आले.

"ऊठ. सुपारी झाली हाय."

"सुपारी तुमी खाल्ली," काकू म्हणाल्या. "वाडीले पानी मी देल्लं. चाळीस वर्सं."

काकाजी उभे राहिले.  मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिथी कोनी कोरत नाई वो. एक बाजू तं मोकळी भेटन."

काकूंनी निवडलेली मेथी पदरात घेतली आणि त्या उठल्या. साखळी पुढे गेली.

एप्रिलमध्ये खरेदीखत झालं, तेव्हा अध्यक्षही कचेरीत हजर होते. काकाजी-काकूंनी सिंदी मेघेत एक खोली भाड्याने घेतली, दोन महिन्यांसाठी. मी शहरात राहायला गेलो. दोन महिने झाले, पावसाळा झाला, निरोप आला नाही. अध्यक्ष आधी 'पासपोर्ट' म्हणाले, मग 'दिल्ली' म्हणाले, मग भेटेनासे झाले. काकाजी त्यांच्या दारात जाऊन बसत. आतून चहा येई. वाडीची झाडं तोडली गेली, विहीर मुरूम टाकून बुजवली आणि तिच्यावरून ले-आउटचा रस्ता गेला.

१९८५ च्या डिसेंबरात मॉरिशसचे ते शिक्षक पुन्हा वर्ध्याला आले. विश्रामगृहावर अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावलं होतं. पाहुण्यांनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ते भरीतवाले काका कसे आहेत?"

मी विचारलं, "तुमचं घर तुम्ही विकायला काढलं होतं का?"

"घर? मी राहतो त्यात. आजोबांचं आहे. कशाला विकू?"

"खरेदीला या, असा निरोप कधी पाठवला होता?"

"नाही. कोणाला?"

अध्यक्ष चार पावलांवर होते. पाहुण्यांनी काकाजींना भेटायचा हट्ट धरला. अध्यक्षांना जीप काढावी लागली आणि बरोबर यावंही लागलं.

सिंदी मेघेच्या खोलीत काकाजी खाली बसून दोर वळत होते. पाहुण्यांना पाहून ते उठले, पण त्यांनी हात जोडले नाहीत. "सुपारी खाऊन मानूस फिरते काय?"

पाहुण्यांना समजेना. "कोणती सुपारी?"

"जेवल्यावर देल्ली होती थे," काकू म्हणाल्या. "बसा, पाव्हने. उभे काऊन?"

पाहुणे बसले. "ती मी जेवणानंतरची म्हणून खाल्ली. फार कडक होती, ते आठवतं. आमच्याकडे तिचा दुसरा काही अर्थ नाही, काका."

"अन् निरोप? खरेदीले या म्हनून?"

"मी निरोप पाठवला नाही. घर विकायचं नव्हतंच कधी."

काकाजींनी हातातला दोर खाली ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे पाहून विचारलं, "निरोप कोनं आनला?"

अध्यक्ष म्हणाले, "जुनी गोष्ट हाय, काकाजी. तुमच्या भल्याचंच पाह्यलं. या वयात शेती होत होती काय तुमच्यानं?"

"निरोप कोनं आनला?"

"आता पाव्हन्यासमोर..."

"या खोलीच्या पूर्वेले दरवाजा हाय," काकाजी म्हणाले. "दरवाज्यापुढं सडक हाय. त्या सडकेनं जा."

अध्यक्ष गेले. पाहुणे रडवेले झाले होते. दोघांनीही आपल्या घरी येऊन हवं तितके दिवस राहावं, तिकिटाचं मी पाहतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. काकाजींनी ऐकून घेतलं.

"पाव्हना म्हनून?" ते म्हणाले. "मी तिथी मालक म्हनून येनार होतो."

पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला मी गेलो, कारण जीप निघून गेली होती.

त्यानंतर काकाजी पोलीस ठाण्यात गेले. तक्रार करायची आहे, म्हणाले. ठाणेदाराने विचारलं, रक्कम बुडाली का? नाही. सही खोटी आहे का? नाही. निरोप लेखी होता का? नाही. मग तक्रार कशाची? काकाजी म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलला." ठाणेदार म्हणाला की हा गुन्हा कोर्टात होतो, अंगणात होत नाही. तक्रार नोंदवली गेली नाही. मी ही हकीकत लिहून नागपूरला पाठवली. संपादकांचं म्हणणं पडलं की कागदावर काहीच नसताना एका अध्यक्षावर आरोप छापता येणार नाही. बातमी आली नाही. त्याच आठवड्यात त्या ले-आउटमधल्या हनुमान मंदिराच्या भूमिपूजनाची बातमी आली, अध्यक्षांच्या फोटोसह.

१९८६ पासून काकाजी अध्यक्षांच्या सभांना जाऊ लागले. संस्थेची वार्षिक सभा असो, सत्कार असो, पोळ्याच्या बैलांचं बक्षीस असो, ते पुढच्या रांगेत बसत आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले की उठून विचारत, "निरोप कोनं आनला?" दुसरा एकही शब्द ते बोलत नसत. सुरुवातीला लोक हसत. मग कार्यकर्ते त्यांना दंडाला धरून मंडपाबाहेर नेत. ते झटापट करत नसत. पुढच्या सभेला पुन्हा येत. लोकांचं हसणं दुसऱ्या वर्षी कमी झालं. काही ठिकाणी मागून कोणीतरी ओरडे, "सांगा ना, अध्यक्ष!"

सभेत अडथळा आणल्याबद्दल अध्यक्षांनी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. ती त्याच दिवशी नोंदवली गेली. काकाजींना ठाण्यात बोलावून समज देण्यात आली. त्यांनी समजेच्या कागदावर सही केली आणि ठाणेदारालाही तोच प्रश्न विचारला.

१९८८ च्या फेब्रुवारीत, सिंदी मेघेच्या त्याच खोलीत, काकाजी वारले.

त्यानंतर सहकारी संस्थेची वार्षिक सभा त्या वर्षीच्या सप्टेंबरात झाली. मी बातमीसाठी हजर होतो. अध्यक्षांनी अहवाल वाचायला घेतला तेव्हा बायकांच्या बाजूने काकू उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "निरोप कोनं आनला?" दोन कार्यकर्ते पुढे आले. काकूंच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या भाजीवाल्या बायका उभ्या राहिल्या. कार्यकर्ते थांबले. अहवालाचं वाचन त्या दिवशी पूर्ण झालं नाही.